जाऊन आलेला माणूस

दूरदेशच्या प्रवासाची आणि साहसाची हकीकत तिकीट लावून सांगण्याचा व्यवसाय लंडनमध्ये १८५२ साली खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्याआधी प्रवासी बोलत नव्हते असे नाही. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी १८३० पासून होती आणि परत आलेले संशोधक तिथे निबंध वाचत. पण ते जाणकारांनी जाणकारांसाठी वाचलेले निबंध असत. अमेरिकेत जॉन बॅनव्हर्ड या चित्रकाराने मिसिसिपी नदीचे काठ कापडाच्या लांबच लांब पट्ट्यावर रंगवले होते. दोन रुळांवर गुंडाळलेले ते कापड सावकाश उलगडत जाई आणि बॅनव्हर्ड बाजूला उभा राहून नदीवरचे किस्से सांगे. १८४६ पासून हा खेळ ‘तीन मैलांचे चित्र’ म्हणून गाजला. मैलांचा आकडा फुगवलेला होता, पण नावेत बसून नदी पाहिल्याचा आनंद खरा होता. तरीही लोक येत ते चित्र पाहायला. सांगणाऱ्यासाठी लोक येऊ लागले ते अल्बर्ट स्मिथपासून.

स्मिथ वैद्यकी शिकलेला, पण लेखणीवर पोट भरणारा. लहानपणी वाचलेल्या एका पुस्तकामुळे मों ब्लांच्या शिखराने त्याला वेड लावले होते. ऑगस्ट १८५१ मध्ये तो ते शिखर चढला. या चढाईची शिधायादी पुढे प्रसिद्ध झाली: साध्या दारूच्या ६० बाटल्या, लहानमोठ्या ४६ कोंबड्या, मटणाच्या तंगड्या, चॉकलेट, मनुका, लिंबे. गिर्यारोहणाच्या दृष्टीने हा प्रकार विचित्रच. स्मिथचे शरीर स्थूल होते, वरच्या टप्प्यात तो अक्षरशः झोपेत चालल्यासारखा चालला, आणि हे सगळे त्याने लपवले नाही. उलट तीच त्याच्या कथनाची ताकद ठरली. समोर बसलेल्या दुकानदाराला वाटे, हा आपल्यासारखाच माणूस आहे आणि तरी हा वर जाऊन आला आहे.

१५ मार्च १८५२ रोजी पिकॅडिलीतल्या इजिप्शियन हॉलमध्ये त्याचा ‘मों ब्लां’ सुरू झाला. रंगमंचावर स्विस लाकडी घर उभारलेले, मागे विल्यम बेव्हरली याने रंगवलेली दृश्ये. चढाईच्या भागात चित्र आडवे सरकण्याऐवजी वरून खाली सरके, त्यामुळे प्रेक्षक स्वतःच वर चढत असल्यासारखे वाटे. मध्यंतरात सेंट बर्नार्ड जातीचे कुत्रे गळ्यात चॉकलेटचे डबे अडकवून प्रेक्षकांत फिरत. वाटेत भेटलेल्या प्रवाशांच्या नकला, एखादे चटकदार गाणे, मग एकदम हिमकड्यावरची ती अवघड वाट. सहा हंगाम आणि जवळपास दोन हजार प्रयोग हा खेळ चालला. राणी व्हिक्टोरियाने तो पाहिला. मों ब्लांवर सोंगट्यांचा पटही बाजारात आला. पुढे डिसेंबर १८५७ मध्ये इंग्लंडात अल्पाइन क्लब स्थापन झाला तेव्हा स्मिथ त्याच्या पहिल्या सभासदांत होता. काही गंभीर गिर्यारोहकांना त्याची जत्रा आवडत नसे, पण आल्प्सकडे इंग्रज मध्यमवर्गाची पावले वळली ती त्याच्या सभागृहातून, हे नाकारता येत नाही. १८५८ मध्ये तो चीनला जाऊन आला आणि चीनवर बोलू लागला. १८६० मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

स्मिथने घालून दिलेली घडी पुढे शंभर वर्षे टिकली. आधी प्रवास, मग त्याची गोष्ट, गोष्टीला चित्रांची जोड, आणि गोष्टीच्या पैशांतून पुढचा प्रवास. चित्रांचे तंत्र मात्र लवकरच बदलले. रंगवलेल्या कापडाची जागा मॅजिक लँटर्नने घेतली.

हा दिवा जुनाच. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सच्या कागदपत्रांत १६५९ च्या सुमारास त्याचा उल्लेख सापडतो. पण तेलाच्या दिव्याच्या उजेडात चित्र लहान आणि मिणमिणते पडे. दोन शोधांनी त्याचे रूप पालटले. फिलाडेल्फियाच्या लँगेनहाइम बंधूंनी १८५० च्या सुमारास छायाचित्र थेट काचेवर उतरवले. म्हणजे पडद्यावर आता चित्रकाराची कल्पना न दिसता खरी जागा दिसू लागली. दुसरा शोध चुन्याच्या प्रकाशाचा. ऑक्सिजन आणि हायड्रोजन (किंवा साधा दगडी कोळशाचा वायू) यांची ज्योत चुन्याच्या नळकांडीवर सोडली की चुना पांढराशुभ्र तापतो आणि डोळे दिपवणारा उजेड देतो. हजार माणसांच्या सभागृहाला पुरेल एवढे चित्र त्यामुळे शक्य झाले.

या दिव्यामागे उभ्या असलेल्या माणसाचे काम जोखमीचे होते. वायू रबरी कापडाच्या मोठ्या पिशव्यांतून आणावा लागे. पिशवी दोन फळ्यांमध्ये ठेवून फळीवर लोखंडी वजने ठेवत, म्हणजे दाब सारखा राही. कुणी अंधारात वजनाला धक्का लावला तर ज्योत मागे फिरून स्फोट होण्याचा धोका. ज्योतीच्या माऱ्याने चुन्याला खड्डा पडे, म्हणून दर थोड्या वेळाने नळकांडी किंचित फिरवावी लागे. विसरले तर ज्योत परतून पुढची काच तडके. हे सांभाळत हाताने काचा बदलायच्या. इंग्लंडातली काच सव्वातीन इंच चौरस असे, चित्रावर दुसरी काच ठेवून कडा कागदी पट्टीने चिकटवलेल्या. काच यंत्रात उलटी घालावी लागते, म्हणून कोपऱ्यात पांढरा ठिपका लावत. अंगठा ठिपक्यावर पडला की काच बरोबर हातात आहे हे अंधारातही कळे. वक्ता काठी आपटून, घंटी वाजवून किंवा हातातली टिकटिकी दाबून खूण करी. कसलेला वक्ता मात्र खूण करीतच नसे. ठरलेल्या वाक्याच्या शेवटच्या शब्दावर चित्र बदले, आणि शब्दातूनच चित्र उगवल्यासारखे प्रेक्षकांना वाटे. दोन दिवे एकावर एक असले तर एक चित्र विरत असतानाच दुसरे उमटे: दिवसाचे व्हेनिस डोळ्यांदेखत चांदण्यातले व्हेनिस होई.

हेच यंत्र १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी स्वतः घडवले आणि त्याला ‘शांबरिक खरोलिका’ असे नाव दिले. काचांवर हाताने रंगवलेली चित्रे, एका चित्रावरून दुसऱ्यावर झटकन जाऊन साधलेला हालचालीचा भास, सोबत निवेदन आणि गाणी. विषय मात्र परदेशचे नव्हते. रामायण-महाभारतातल्या कथा पडद्यावर आल्या. कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान ऐकत आलेल्या श्रोत्यांना सांगणारा आणि दाखवणारा एकत्र भेटला तो असा.

अमेरिकेत या व्यवसायाला संघटना मिळाली. जोसाया हॉलब्रुकने १८२६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मिलबरी गावी पहिले ‘लायसियम’ सुरू केले. गावकऱ्यांनी वर्गणी काढून हिवाळ्यात वक्ते बोलवायचे, असा तो उपक्रम. पुढे गावोगावी अशी मंडळे निघाली. १८६८ मध्ये जेम्स रेडपाथने बॉस्टनमध्ये वक्त्यांची कचेरी उघडली. तारखा ठरवणे, रेल्वेची तिकिटे, मानधनाची बोलणी, सगळे कचेरी करी आणि टक्केवारी घेई. वक्ता हा त्यामुळे पूर्णवेळ पेशा झाला.

त्याच्या दोन वर्षे आधी, २ ऑक्टोबर १८६६ रोजी, मार्क ट्वेनने सॅन फ्रान्सिस्कोत पहिले व्याख्यान दिले होते. तो हवाई बेटांवर चार महिने राहून आला होता. उसने पैसे घेऊन त्याने नाट्यगृह भाड्याने घेतले, जाहिरातीत ‘गोंधळ आठ वाजता सुरू होईल’ असे छापले, आणि लोक हसणार नाहीत या भीतीने ओळखीच्या माणसांना प्रेक्षकांत पेरले. लोक हसलेच. पण त्याच व्याख्यानात किलाउआ ज्वालामुखीचे वर्णन आले तेव्हा सभागृह शांत झाले. हसवता हसवता माणसाला कड्याच्या टोकावर नेऊन उभे करायचे, ही ट्वेनची हातोटी पहिल्याच रात्री दिसली, आणि या कलेत त्याच्या तोडीचा दुसरा कोणी झाला नाही.

एप्रिल १८९४ मध्ये त्याची प्रकाशन संस्था बुडाली. साठीला टेकलेल्या ट्वेनने सगळे कर्ज फेडायचे ठरवले आणि जगभर व्याख्याने देत निघाला. जुलै १८९५ मध्ये क्लीव्हलंडहून सुरुवात, मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, श्रीलंका आणि जानेवारी १८९६ मध्ये मुंबई. सोबत पत्नी आणि मुलगी क्लारा. तो काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात उतरला. खोकल्याने हैराण होऊन त्याचे काही दिवस अंथरुणातच गेले. या मुक्कामात सज्जावर येणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांचे त्याने केलेले निरीक्षण पुढे त्याच्या प्रवासवर्णनात आले. बरा झाल्यावर नॉव्हेल्टी थिएटरात त्याची व्याख्याने झाली, नंतर पुण्यात आणि बडोद्यातही तो बोलला. पुण्याला व्याख्यान ऐकण्याची सवय नवी नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालू होती. फरक हा की तिथे समाज आणि राजकारण बोलले जाई, आणि हा गृहस्थ गोष्टी सांगायला आला होता. जुलै १८९६ मध्ये केपटाउनला दौरा संपला. ऑगस्टमध्ये त्याची थोरली मुलगी सूझी अमेरिकेत वारली. आई-बाप तिच्यापासून दूर होते. १८९८ च्या सुरुवातीला शेवटचा डॉलर फिटला.

ट्वेनच्या आधी दहा वर्षे एक मराठी बाई उलट्या दिशेने हेच करत होती. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियात आल्या आणि पुढची दोन-अडीच वर्षे अमेरिकेत गावोगाव बोलत फिरल्या. रमाबाईंचे बोलणे करमणुकीसाठी नव्हते, पण ऐकणाऱ्यांसाठी त्या दूरदेशाहून आलेल्या होत्या आणि त्या ज्या देशाबद्दल बोलत तो अमेरिकन श्रोत्यांनी फक्त मिशनऱ्यांच्या काचचित्रांत पाहिलेला होता. आता त्या देशातली विधवा स्वतः समोर उभी होती. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे आर्थिक मदतीची हमी घेतली. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे त्यांचे प्रवासवृत्त मराठीत निघाले. व्याख्यानाच्या मिळकतीतून शाळा आणि प्रवासातून पुस्तक, असा दुहेरी लाभ मराठीला एवढ्या लवकर झाला होता.

मेरी किंग्जली ही आणखी एक. पश्चिम आफ्रिकेत एकटीने फिरून आलेल्या या इंग्रज बाईने १८९६ पासून ब्रिटनभर व्याख्याने दिली. टोकदार खुंट रोवलेल्या सापळ्याच्या खड्ड्यात पडल्यावर जाड घागऱ्याने जीव वाचवला, ही तिची गोष्ट ऐकून सभागृह हसून लोटपोट होई. लोकप्रियतेचा तिने पुरेपूर उपयोग केला: सिएरा लिओनमधल्या झोपडीकराविरुद्ध, म्हणजे तिथल्या लोकांच्या घरांवर लादलेल्या कराविरुद्ध, तिने जोराने आवाज उठवला. आफ्रिकन समाजांना स्वतःची रीत आणि कायदा आहे, हे ती हसऱ्या श्रोत्यांना ठासून सांगे. १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेत युद्धकैद्यांची शुश्रूषा करताना ती वारली.

नुसत्या प्रवासावर सर्वांत लांब पल्ला गाठला तो दोन अमेरिकनांनी. जॉन स्टॉडर्ड १८७९ ते १८९७ या काळात दर हंगामात मोठ्या शहरांतली नाट्यगृहे भरवत असे. निवृत्तीनंतर त्याची व्याख्याने दहा खंडांत छापली गेली आणि असंख्य घरांतल्या कपाटांत जाऊन बसली. शिकागोचा बर्टन होम्स याने लहानपणी स्टॉडर्डला ऐकले होते. १८९० मध्ये तो स्वतः बोलायला उभा राहिला आणि स्टॉडर्ड निवृत्त झाल्यावर त्याची गादी होम्सकडे आली. त्याचा क्रम ठरलेला: उन्हाळ्यात प्रवास, हिवाळ्यात न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, शिकागो. त्याच्या काचा बारीक कुंचल्याने, भिंगाखाली रंगवलेल्या असत. १८९७ पासून सहकारी ऑस्कर डेप्यूच्या मदतीने त्याने हलती चित्रेही दाखवायला सुरुवात केली. ‘व्याख्यान’ म्हटले की लोकांना उपदेश आठवतो, म्हणून १९०४ मध्ये लंडनला त्याने ‘ट्रॅव्हलॉग’ हा शब्द रूढ केला. आठ हजारांवर व्याख्याने त्याच्या नावावर सांगितली जातात. होम्सचे जग मात्र नेहमी उन्हात न्हालेले असे. दारिद्र्य, दंगे, साथी त्याच्या पडद्यावर क्वचितच येत. ज्या प्रेक्षकाला आयुष्यात कधी क्योटो दिसणार नव्हते त्याला त्याने क्योटो दाखवले, पण ते अपुरे क्योटो होते.

ध्रुवप्रदेशाच्या मोहिमांत हा व्यवसाय गरजेचा झाला. मोहीम कर्जावर निघे आणि कर्ज व्याख्यानांनी फेडायचे असे. म्हणून छायाचित्रकार हा खलाशाइतकाच महत्त्वाचा माणूस. १९१५ मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकलटनचे ‘एंड्युरन्स’ जहाज वेडेल समुद्रातल्या बर्फात चिरडले गेले तेव्हा मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली कमरेपर्यंत उघडा होऊन बर्फाळ पाणी भरलेल्या जहाजात उतरला आणि काचेच्या निगेटिव्हचे डबे बाहेर काढले. सगळे नेता येणे शक्य नव्हते. हर्ली आणि शॅकलटन बर्फावर बसले, एकेक काच उजेडाकडे धरून पाहिली आणि निवड केली. सुमारे १२० काचा ठेवल्या. जवळपास ४०० तिथेच फोडून टाकल्या, म्हणजे नंतर मन बदलायला वाव उरू नये. आज जगाला माहीत असलेली ती छायाचित्रे या निवडीतून उरलेली आहेत. डिसेंबर १९१९ पासून लंडनच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये शॅकलटन दिवसातून दोनदा या चित्रांसमोर उभा राहिला. मोडून पडणारे आपलेच जहाज त्याला रोज दोन वेळा पाहावे लागे, आणि तेही कर्जापायी. या व्यवसायातले याहून करुण दृश्य सापडणे कठीण.

त्याच वर्षी लंडनमध्ये अगदी वेगळा जल्लोष चालला होता. अमेरिकन पत्रकार लोवेल थॉमस आणि त्याचा छायाचित्रकार हॅरी चेस हे युद्धावर चित्रे मिळवायला निघाले होते. १९१८ मध्ये जेरुसलेममध्ये त्यांची गाठ तुर्कांविरुद्धच्या अरब बंडात सामील असलेल्या टी. ई. लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्याशी पडली. १४ ऑगस्ट १९१९ रोजी कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये थॉमसचा खेळ सुरू झाला. नाइल नदीवरच्या चांदण्याचा देखावा, नृत्य, वेल्श गार्ड्सचा बँड, मग काचा, फिल्म आणि थॉमसचा आवाज. खेळ होता सेनापती अॅलन्बीवर, पण लोकांना पाहायचा होता तो अरबी वेषातला तरुण. थॉमसने नावात लॉरेन्स घातला, आणि फोटो अपुरे पडले तेव्हा लॉरेन्सने लंडनमध्येच तो वेष चढवून चेसपुढे उभे राहणे मान्य केले. दोन आठवड्यांसाठी ठरलेला खेळ महिनोन् महिने चालला, पुढे अल्बर्ट हॉलमध्ये गेला. लंडनमध्येच दहा लाखांवर लोकांनी तो पाहिला. लॉरेन्स स्वतः प्रेक्षकांत येऊन बसे. १९२२ मध्ये तो खोट्या नावाने हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. प्रसिद्धी त्यालाही हवी होती आणि नकोही होती, पण थॉमसने रंगवलेल्या लॉरेन्समागून खरा लॉरेन्स पुन्हा कधी पुरता वर आला नाही. बंडाचा अरब नेता फैजल आणि त्याचे सैनिक तर पडद्यावर मागेच उभे राहिले, आणि अरबस्तानातल्या त्या बंडाचा इतिहास पश्चिमेत कितीतरी वर्षे एका इंग्रजाचा इतिहास म्हणून वाचला गेला. सांगणारा जितका कुशल, तितकी त्याची चूक दीर्घायुषी असते, याचे हे सर्वांत मोठे उदाहरण.

एव्हरेस्टच्या व्याख्यानांनी तर राजकीय किंमत मोजायला लावली. १९२३ च्या सुरुवातीला गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी अमेरिकेत बोलायला गेला. दौरा पैशाच्या हिशेबात फसला, पण एव्हरेस्ट का चढायचे या प्रश्नाला त्याने दिलेले ‘कारण ते आहे’ हे तीन शब्दांचे उत्तर न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात छापून आले आणि अमर झाले. १९२४ च्या मोहिमेचे चित्रणाचे हक्क कॅप्टन जॉन नोएलने आठ हजार पौंड देऊन घेतले होते. जूनमध्ये मॅलरी आणि त्याचा साथीदार अर्विन शिखराजवळ नाहीसे झाले. डिसेंबरात लंडनच्या स्काला थिएटरात नोएलचे चित्रपट-व्याख्यान सुरू झाले आणि प्रेक्षकांना आकर्षण म्हणून त्याने ग्यांत्सेहून सात लामा आणून रंगमंचावर त्यांचे धार्मिक नृत्य घडवले. ल्हासाच्या परवानगीशिवाय. चित्रपटात तिबेटी माणूस मुलाच्या डोक्यातल्या उवा खातानाही दाखवला होता. तिबेट सरकार संतापले. पुढची मोहीम तिबेटातून निघायला १९३३ उजाडले. ज्यांच्या देशात जाऊन गोष्ट मिळवली त्यांच्या मानापानाचा विचार या व्यवसायाने फारसा केला नव्हता. इथे प्रथमच त्याचा जाब मागितला गेला.

कोडॅकने १९२३ मध्ये सोळा मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली आणि १९३५ मध्ये रंगीत कोडाक्रोम. कॅमेरा हलका झाला, जळण्याची भीती गेली, आणि एकटा माणूस वर्षभर हिंडून स्वतःच चित्रण करून, स्वतःच सभागृहात उभा राहून सांगू लागला. अमेरिकेतल्या शहरांत अशा प्रवासचित्रांच्या हिवाळी मालिका महायुद्धानंतरही भरत होत्या. ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये तीन प्रोजेक्टरांचा ‘सिनेरामा’ सुरू झाला तेव्हा पडदा मोठा होण्याआधी छोट्या चौकटीत निवेदन करणारा माणूस लोवेल थॉमसच होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दूरचित्रवाणीने दूरदेश घरात आणला आणि निव्वळ चित्रासाठी तिकीट काढण्याचे कारण संपले. होम्स १९५८ मध्ये वारला.

चित्र घरी आले, तरी जाऊन आलेल्या माणसासाठी रांगा लागतच राहिल्या. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. मोहिमेतले गिर्यारोहक त्यानंतर ब्रिटनमधल्या आणि बाहेरच्या सभागृहांत बोलत फिरले. पुस्तक, चित्रपट आणि व्याख्याने यांच्या मिळकतीतून जी शिल्लक राहिली तिच्यावर माउंट एव्हरेस्ट फाउंडेशन उभे राहिले, आणि नव्या शिखरांकडे निघणाऱ्या तुकड्यांना ते आजही पैसे देते. स्काला थिएटरातला जॉन नोएल नव्व्याण्णव वर्षे जगला आणि म्हातारपणीही हाताने रंगवलेल्या काचा घेऊन सभागृहांत जात राहिला. त्याच्या काचांवर मॅलरी आणि अर्विन अजून वर चढत होते, आणि ते दोघे शेवटचे कुठे दिसले ते दाखवायला समोर उभा असलेला माणूस त्या वेळी डोंगरावर होता.